बारा माणसं आणि आठवड्याची एक पेनी

मेथडिस्ट हा जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात सुरू केलेला ख्रिस्ती पंथ. त्याच्या मिशनचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा जहाजापासून होते. मिशनरी कुठल्या बंदरातून निघाला, कुठे उतरला, किती महिन्यांत तापाने गेला, वगैरे. माझ्या मते सुरुवात एका थकलेल्या कर्जापासून करायला हवी. त्या कर्जातून जी रचना निघाली तीच पुढे जगभर पोहोचली, आणि कित्येक ठिकाणी तर ती मिशनऱ्याच्या आधीच पोहोचलेली होती.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्लीच्या अनुयायांनी १७३९ मध्ये एक सभागृह बांधायला घेतलं. त्याचं देणं काही फिटेना. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी त्यावर विचार करायला सगळे जमले. फॉय नावाच्या एका जहाजी कप्तानाने सुचवलं की देणं फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. हरकत लगेच आली, की कित्येकांकडे तेवढीही नसते. त्यावर कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी माझ्या खिशातून भरेन. अकरा आणि एक, असे बारा. मेथडिस्टांचा 'वर्ग' तो हा. बचत गट किंवा भिशी जवळून पाहिलेल्या कुणालाही ही मांडणी लगेच कळेल.

पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्या वर्गपुढाऱ्यांना पैशाशिवाय बरंच काही दिसू लागलं. कोण आजारी आहे, कोण पुन्हा दारूकडे वळलंय, कुणाच्या घरात अबोला आहे. वेस्लीने हे हेरलं. हळूहळू घरोघरच्या फेऱ्या थांबल्या आणि आठवड्यातून एकदा बाराही जण एका ठिकाणी बसू लागले. गीत, प्रार्थना, मग पुढारी एकेकाला विचारणार, या आठवड्यात तुझं कसं चाललंय? हजेरी वर्गाच्या वहीत मांडली जायची आणि पैसे कारभाऱ्याकडे जायचे. दर तीन महिन्यांनी उपदेशक येऊन प्रत्येकाची विचारपूस करायचा आणि नवं तिकीट द्यायचा. पत्त्याएवढा कागद, त्यावर शास्त्रातलं एक वचन, त्या तिमाहीचं अक्षर आणि सभासदाचं नाव. तिकीट नसेल तर प्रीतिभोजनाला, म्हणजे सभासदांनी प्रार्थनेसह एकत्र घ्यायच्या साध्या भोजनाला, प्रवेश नाही. कुणाला काढायचं झालं तर चौकशी, खटला काही लागत नसे, पुढच्या तिमाहीचं तिकीट दिलं नाही की झालं. आठवड्याला पेनी, तिमाहीला शिलिंग, असा दर पुढे ठरूनच गेला.

अशा वर्गांची मिळून एका गावची मंडळी, अनेक मंडळ्यांची मिळून एक सर्किट. सर्किटचा उपदेशक घोड्यावरून फिरत राहायचा आणि एकदोन वर्षांनी त्याची बदली व्हायची. मधल्या रविवारी उपदेश करायचे ते स्थानिक उपदेशक. ते दिवसभर आपलं सुतारकाम नाहीतर दुकान बघणारे, बिनपगारी लोक. कुठल्या रविवारी कुठल्या गावी कोण बोलणार याचा तक्ता तीन महिन्यांसाठी आधीच तयार असे. थोडक्यात, मंडळी पाळकावर अवलंबून नव्हती. तो मेला, बदलला, तुरुंगात गेला, तरी वर्ग मंगळवारी भरायचा तो भरायचाच. पुढारी होण्यासाठी दीक्षा लागत नसे, आणि स्त्रियांनाही पुढारी होता येत असे.

या रचनेत एक उणीव मात्र पहिल्यापासून होती. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस देण्याचा विधी, करायचा तर दीक्षित पाळक हवा, आणि असे पाळक नेहमीच थोडे. वेस्ली स्वतःला मरेपर्यंत अँग्लिकनच, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचाच, मानत होता, त्यामुळे इंग्लंडमधल्या बहुतेक मेथडिस्टांना प्रभुभोजनासाठी त्या चर्चच्या स्थानिक मंदिराचीच वाट धरावी लागे. मिशनच्या मुलखात ही अडचण आणखी वाढली. उपदेश, गीतं, अंत्यविधी, सगळं गावातली माणसं करत, पण प्रभुभोजनासाठी तिमाहीची वाट पाहायची. अधिकार कुणाच्या हातात राहिला या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

आता वेस्ट इंडिजमधलं अँटिग्वा बेट बघा. नॅथॅनियल गिल्बर्ट हा तिथला मळेवाला, वकील आणि विधानसभेचा अध्यक्ष. इंग्लंडमध्ये त्याने वेस्लीचा उपदेश ऐकला, आणि परत जाऊन साधारण १७६० पासून आपल्याच मळ्यावरच्या गुलामांपुढे उपदेश सुरू केला. १७७४ मध्ये तो वारला. मिशनरी असा बेटावर एकही नव्हता. तरी मंडळी टिकली, कारण मेरी ॲली आणि सोफिया कॅम्पबेल या दोन स्त्रियांनी वर्ग चालू ठेवले. १७७८ मध्ये जॉन बॅक्स्टर नावाचा जहाजबांधणी कारागीर आरमाराच्या गोदीत कामाला आला आणि त्यांना येऊन मिळाला. १७८६ च्या नाताळच्या दिवशी वेस्लीचा सहकारी थॉमस कोक वादळाने वाट चुकलेल्या जहाजातून तिथे उतरला. निघाला होता नोव्हा स्कॉशियाला. उतरून पाहतो तर दीड हजारांवर सभासदांची मंडळी तयार! पुस्तकांत ही घटना 'वेस्ट इंडिज मिशनची सुरुवात' म्हणून कोकच्या नावावर जमा होते. मला ती ॲली आणि कॅम्पबेल यांच्या नावावर लिहिलेली आवडेल.

गुलामगिरीबाबत मिशनची भूमिका दुभंगलेली होती, हे लपवून चालणार नाही. वेस्लीने १७७४ मध्येच गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिली होती. पण वेस्ट इंडिजला जाणाऱ्या मिशनऱ्यांना लंडनहून सूचना असे, की गुलामांच्या कायदेशीर स्थितीबद्दल बोलू नका, नाहीतर मळेवाले दारं बंद करतील. दारं तरीही बंद झालीच. १८२३ च्या ऑक्टोबरमध्ये बार्बाडोसमध्ये गोऱ्यांच्या जमावाने मेथडिस्ट प्रार्थनामंदिर पाडलं आणि मिशनरी विल्यम श्रूजबरीला बेट सोडून पळावं लागलं. गप्प राहून मळेवाल्यांचा विश्वास मिळाला नाही तो नाहीच. अमेरिकेतली मेथडिस्ट मंडळी तर १८४४ मध्ये याच प्रश्नावर दुभंगली, कारण एका बिशपाच्या मालकीचे गुलाम होते.

कोकचा शेवटचा प्रवास मुंबईशी जोडलेला आहे. १८१३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. कोक तेव्हा ६६ वर्षांचा होता. सिलोनच्या मोहिमेला पैसे नाहीत असं कॉन्फरन्सने, म्हणजे उपदेशकांच्या वार्षिक सभेने, म्हटल्यावर त्याने स्वतःचे सहा हजार पौंड देऊ केले. ३० डिसेंबर १८१३ रोजी तो सहा तरुण मिशनऱ्यांसह निघाला, आणि ३ मे १८१४ च्या सकाळी जहाजावरच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. हिंदी महासागरातच त्याचं दफन झालं. बाकीचे २१ मे रोजी मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्यापुढे अडचण होती ती अगदी व्यवहाराची. पैशाची सगळी पत कोकच्या नावावर होती आणि कोक राहिला नव्हता. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने विश्वासावर त्यांना रक्कम दिली. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनीही आस्थेने विचारपूस केली. विल्यम हार्वर्ड पत्नीच्या प्रकृतीमुळे मुंबईत थांबले, बाकीचे पाच जण २९ जूनला सिलोनमधल्या गॉलला पोहोचले. तिथून ते लगेच पांगले. लिंच आणि स्क्वान्स जाफन्याला, ऑल्ट बट्टिकलोआला, अर्स्किन माताऱ्याला, क्लफ गॉललाच. ऑल्ट वर्षभरात वारला. लिंच १८१७ मध्ये मद्रासला आला आणि दक्षिण भारतातलं वेस्लियन, म्हणजे ब्रिटिश मेथडिस्टांचं, काम सुरू झालं. एकाच माणसाच्या नावावर सगळी पत ठेवण्याची चूक पुढच्या काळात होऊ नये म्हणून देणग्या, हिशेब आणि हुंड्या पाहणारी संस्था लागणार होतीच. लीड्समध्ये १८१३ च्या ऑक्टोबरात तिची पहिली शाखा निघाली होती, १८१८ मध्ये तिला पक्कं रूप आलं.

पश्चिम आफ्रिकेत हिशेबाचंच दुसरं टोक दिसतं. आजच्या घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्यातल्या शाळेत शिकलेल्या, तिथल्या फांटी जमातीच्या तरुणांनी १८३१ मध्ये स्वतःहून शास्त्रवाचनाचं मंडळ काढलं होतं. त्यांनी एका जहाजाच्या कप्तानाकडे बायबलच्या प्रती मागितल्या. प्रतींबरोबर १८३५ मध्ये मिशनरीही आला, जोसेफ डनवेल. सहा महिन्यांत तो गेला. त्याच्यामागून आलेलेही तापाने गेले. १८३८ च्या जानेवारीत थॉमस बर्च फ्रीमन पोहोचला तेव्हा आधीच्यांपैकी एकही जिवंत नव्हता, आणि काही आठवड्यांत त्याची पत्नीही गेली. फ्रीमन स्वतः ५२ वर्षं त्या किनाऱ्यावर राहिला आणि १८९० मध्ये वारला. वडील आफ्रिकी, आई इंग्रज, पेशा बागकामाचा. तो १८३९ मध्ये कुमासीला असांटे राजाकडे गेला, १८४२ मध्ये आजच्या नायजेरियातल्या बडाग्री आणि अबेओकुटापर्यंत पोहोचला. प्रत्येक ठिकाणी भेटी द्याव्या लागत, हमाल लागत, महिनोन्‌महिने मुक्काम पडत. लंडनच्या अंदाजपत्रकात यातलं काहीच बसत नव्हतं. खर्च वर्षानुवर्षं वाढत गेला आणि १८५७ मध्ये त्याला पद सोडावं लागलं. १८७३ मध्ये त्याला पुन्हा सेवेत घेतलं गेलं. मधल्या काळात वर्ग बंद पडले नाहीत. वाचता न येणाऱ्या फांटी स्त्रियांनी उपदेशातली वाक्यं आपल्या चालीत गुंफून जी गीतं रचली ती घानाच्या मेथडिस्ट मंडळ्यांत आजही गायली जातात. पाळक बोलता बोलता थांबतो, एक बाई सुरू करते, बाकीच्या उचलून धरतात. आपल्याकडच्या कीर्तनातले टाळकरी डोळ्यांपुढे आणा म्हणजे कल्पना येईल.

कॅनडातल्या एका कामाबद्दल देवनागरी वाचणाऱ्यांना थोडं जास्त सांगावंसं वाटतं. जेम्स इव्हान्स हा वेस्लियन मिशनरी १८४० मध्ये विनिपेग सरोवराच्या उत्तरेला, नॉर्वे हाउस इथे आला. तिथल्या मूलनिवासी क्री लोकांच्या भाषेचे शब्द रोमन अक्षरांत लिहायला गेलं की लांबच लांब होतात आणि शिकायला वर्षं लागतात. त्याने नऊ आकृत्या घेतल्या. एक नुसत्या स्वरासाठी, आठ व्यंजनांसाठी. आपण व्यंजनाला काना, वेलांटी, मात्रा लावतो, त्याने आकृतीच फिरवली. तेच चिन्ह वर तोंड केलं की एक स्वर, खाली केलं की दुसरा, डावीउजवीकडे केलं की आणखी दोन. नऊ आकृत्या, चार दिशा, ३६ अक्षरं. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या नुसत्या व्यंजनांसाठी बारीक वेगळी चिन्हं. इव्हान्सला लघुलिपी अवगत होती, आणि अक्षर म्हणजे व्यंजन अधिक स्वर ही देवनागरीची कल्पनाही यामागे असावी असं लिपीचे अभ्यासक मानतात. क्री लोकांची स्वतःची परंपरा मात्र सांगते की ही अक्षरं त्यांच्यातल्याच एका माणसाला आत्मलोकातून मिळाली. तीही नोंद इथे हवी.

छापखाना नव्हता. इव्हान्सने लाकडात साचे कोरले आणि चहाच्या पेट्यांच्या आतलं शिशाचं अस्तर वितळवून खिळे ओतले. काजळी आणि माशाचं तेल मिसळून शाई केली. कागदाऐवजी भूर्जाची साल, आणि दाबायला हडसन बे कंपनीचं कातड्यांचे गठ्ठे बांधायचं यंत्र. पण लिपी पसरली ती या छपाईमुळे नव्हे. ती काही दिवसांत शिकता यायची आणि शिकलेला माणूस शिकारीच्या मुक्कामावर दुसऱ्याला कोळशाने सालीवर लिहून शिकवायचा. जिथे मिशनरी कधी गेलाच नव्हता अशा छावण्यांत लोक एकमेकांना निरोप लिहू लागले. पुढे काही फेरफार करून हीच लिपी इनुइट लोकांच्या भाषेसाठीही वापरली गेली, आणि ती आजही चालू आहे.

ज्या मंडळीने ही लिपी दिली तिनेच त्याच भाषा मुलांच्या तोंडून काढून घेणाऱ्या निवासी शाळाही चालवल्या. ऑन्टारिओतली माउंट एल्गिन ही त्यांतली एक. मुलं आईबापांपासून तोडायची, भाषा बोलली की शिक्षा. कॅनडातले मेथडिस्ट १९२५ मध्ये युनायटेड चर्चमध्ये विलीन झाले. त्या चर्चने १९८६ मध्ये मूलनिवासींची आणि १९९८ मध्ये खास निवासी शाळांबद्दल माफी मागितली. वारसा मोजताना ही दोन्ही कामं एकाच खात्यात मांडावी लागतात. एकाने दुसरं फिटत नाही.

पैशाचा प्रश्न स्त्रियांनी सर्वांत चांगला सोडवला असं माझं मत आहे. २३ मार्च १८६९ रोजी बॉस्टनमध्ये भर पावसात आठ जणी जमल्या आणि स्त्रियांची मिशनरी संस्था स्थापन झाली. वर्गणी आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. पुन्हा तीच पेनी! मुख्य मंडळाच्या निधीला धक्का लागू नये, पुरुष अधिकाऱ्यांची तक्रार येऊ नये, म्हणून रक्कम मुद्दाम इतकी बारीक ठेवली होती. त्याच वर्षी इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन निघाल्या आणि जानेवारी १८७० मध्ये मुंबई बंदरात उतरून उत्तरेकडे गेल्या. थोबर्नबाईंनी लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या एका खोलीत सहा मुलींची शाळा काढली, तिचं पुढे महाविद्यालय झालं. स्वेनबाईंना बरेलीत हॉस्पिटलसाठी जागा हवी होती. ती जागा रामपूरच्या नवाबांची होती. त्या विकत मागायला गेल्या आणि नवाबांनी ती ४० एकरांवरची मालमत्ता देऊनच टाकली. १८७४ मध्ये स्त्रियांचं हॉस्पिटल उघडलं. पडदा आणि सोवळं दोन्ही सांभाळता यावं म्हणून रुग्ण कुटुंबासह राहून आपला स्वयंपाक आपण करू शकेल अशी तिथली मांडणी होती. ती नसती तर खाटा रिकाम्या राहिल्या असत्या. याच दोन सेंटांतून कोरियात मेरी स्क्रॅन्टन यांनी १८८६ मध्ये एकाच विद्यार्थिनीवर शाळा सुरू केली. आजचं इह्वा महिला विद्यापीठ ते.

विल्यम टेलरचा मार्ग वेगळा होता. कॅलिफोर्नियात सोन्याच्या गर्दीच्या काळात रस्त्यावर उपदेश करणारा हा माणूस १८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईला आला. त्याचं म्हणणं असं की, मिशनला परदेशातून पगार येऊच नये. जाण्याचं भाडं फक्त जमवायचं, पुढे मंडळीने पाळकाला पोसायचं. लोकांच्या घरांतच त्याने वर्ग लावले. अनेक वर्षं मुंबईच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहणारे जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाले. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पुढच्या वर्षी पुणे. पद्धत मुंबई-पुण्यात चालली, कारण मंडळीत रेल्वे, तारखातं आणि लष्करातले इंग्रजी बोलणारे, महिन्याचा ठरलेला पगार घेणारे लोक होते. खेड्यातल्या शेतमजुरांत ती चालणं शक्य नव्हतं. पाळकाचं पोट भरेल एवढं उरतच नसे त्यांच्याकडे. १८८५ मध्ये टेलर चाळीसएक जणांचा तांडा घेऊन अंगोलात गेला, मुलंबाळंही बरोबर. स्वतः शेती करून जगायचं ठरलं होतं. ताप आणि उपासमारीने तो बेत मोडला आणि शेवटी पगारी मिशनच आलं. अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष अगुश्तिन्यो नेतो हे अशाच एका मेथडिस्ट पाळकाचे चिरंजीव.

पुण्यातल्या या सभांत विल्यम ओल्डम हा बंगळूरला जन्मलेला, सरकारी मोजणीखात्यातला तरुण मेथडिस्ट झाला. अमेरिकेत शिकून परतल्यावर त्याला १८८५ मध्ये सिंगापूरला पाठवलं गेलं. १ मार्च १८८६ रोजी अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानघरात १३ मुलांवर त्याने अँग्लो-चायनीज स्कूल उघडलं. चिनी व्यापाऱ्यांना मुलांसाठी इंग्रजी हवं होतं आणि ते फी द्यायला तयार होते. टेलरला जे अंगोलात साधलं नाही ते इथे फीने साधलं, पेनीची जागा फीने घेतली. पण फी घेणाऱ्या शाळेचा ओढा पैसेवाल्यांकडे जातो. चिलीतही टेलरने १८७७ नंतर अशाच इंग्रजी शाळा काढल्या होत्या. शिक्षक दिवसभर श्रीमंतांच्या मुलांना शिकवून थकायचे, आणि गोदीतल्या मजुरांसाठी रविवारच काय तो उरायचा.

त्या चिलीत पुढे जे झालं त्याची वाट केडगाववरून जाते. मिनी एब्रम्स १८८७ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून मुंबईला आल्या आणि १८९८ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात कामाला गेल्या. १९०५ मध्ये तिथे मुलींमध्ये रात्ररात्र रडण्या-गाण्या-प्रार्थनेची लाट उठली. एब्रम्सबाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि एक प्रत आपल्या जुन्या सहाध्यायिनीला पाठवली. ती मैत्रीण म्हणजे चिलीतल्या वाल्पराइसोचे मेथडिस्ट पाळक विलिस हूवर यांची पत्नी. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत तसंच सुरू झालं. १९१० च्या कॉन्फरन्सने हूवरवर ठपका ठेवला आणि ते बाहेर पडले. बाहेर पडलेल्यांनी अमेरिकेचा पैसा नाकारला. पाळक कामगारांतूनच आले, उपदेश रस्त्यावर झाला, खर्च मंडळीने उचलला. म्हणजे टेलरला हवं होतं ते त्याच्याच मिशनमधून फुटून निघालेल्यांनी करून दाखवलं.

भारतात अधिकाराचा प्रश्न उशिरा सुटला. पहिले भारतीय मेथडिस्ट बिशप जशवंतराव चितांबर १९३० मध्ये निवडले गेले, म्हणजे अमेरिकी मिशन सुरू झाल्यावर ७४ वर्षांनी. ब्रिटिश वेस्लियन मंडळ्या १९४७ मध्ये दक्षिण भारताच्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताचं संयुक्त चर्च झालं तेव्हा अमेरिकी परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाजूला राहिले आणि १९८१ मध्ये त्यांनी भारतातलं स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उभं केलं. त्यामुळे मुंबई-पुण्यात मेथडिस्ट पाटी अजून दिसते, आणि मद्रासला लिंचने सुरू केलेल्या मंडळ्यांवर मात्र दक्षिण भारताच्या चर्चची.

चिलीतल्या त्या फुटून निघालेल्या चर्चने नाव 'मेथडिस्ट पेंटेकोस्टल' असंच ठेवलं. पेंटेकोस्टल म्हणजे पवित्र आत्मा अंगात संचारण्याच्या अनुभवावर भर देणारे ख्रिस्ती. इतर पेंटेकोस्टल मंडळ्या बहुधा मोठेपणीच बाप्तिस्मा देतात. हे लोक वेस्लीच्या रीतीप्रमाणे तान्ह्या मुलांनाही देतात.